हिवाळी अयनदिन, निरीश्वरवादी आणि सरकारी इमारतींतले नाताळचे देखावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून काही प्रश्न हमखास येतात, आणि तिकडच्या बातम्या वाचणाऱ्या इकडच्या नातेवाइकांकडूनही येतात. राज्याच्या विधानभवनात एका बाजूला ख्रिस्तजन्माचा देखावा आणि दुसऱ्या बाजूला ‘देव नाही’ असे सांगणारी पाटी, हे चित्र आपल्या वाचकाला चक्रावून टाकणारे असते. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. कायद्याचे जे विवेचन आहे ते अमेरिकेपुरते आहे.

हिवाळी अयनदिन म्हणजे नेमके काय?

पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे. या कलामुळे वर्षातून एकदा, २१ किंवा २२ डिसेंबरला, सूर्य मकरवृत्तावर येतो आणि उत्तर गोलार्धात सर्वांत लहान दिवस व सर्वांत मोठी रात्र होते. दक्षिणायन तेथे संपते आणि उत्तरायण सुरू होते. काटेकोरपणे पाहिले तर हा दिवस नसून एक क्षण आहे. २०२५ मध्ये तो भारतीय वेळेनुसार २१ डिसेंबरच्या रात्री साडेआठ वाजून गेल्यावर तीन मिनिटांनी आला.

महाराष्ट्रात हा दिवस कोणाच्या ध्यानात राहत नाही, याचे कारण अक्षांश हे आहे. पुण्यात त्या दिवशीही सूर्य अकरा तास आकाशात असतो. विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन ४३ अंश उत्तरेला आहे. तेथे सूर्य सकाळी साडेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. त्या वेळेला संध्याकाळ म्हणायला जीभ रेटत नाही. मुले शाळेतून घरी येऊन दूध पिईपर्यंत बाहेर मिट्ट काळोख झालेला असतो. अशा ठिकाणी ‘उद्यापासून दिवस मोठा होणार’ ही बातमी साजरी करावीशी वाटते, त्यासाठी कोणताही धर्म लागत नाही.

म्हणजे आपली मकरसंक्रांतच ना?

एके काळी होती. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचा निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या, मकर राशीतला प्रवेश आणि उत्तरायणाचा आरंभ या दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी होत असत. परंतु संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तेव्हाचे सूर्याचे आकाशातले स्थान, दर ७२ वर्षांनी एक अंश मागे सरकतो, आणि आपली पंचांगे राशी मोजतात त्या स्थिर ताऱ्यांवरून. त्यामुळे आज हे अंतर सुमारे २४ दिवसांचे झाले आहे आणि संक्रांत १४ जानेवारीला, अधूनमधून १५ जानेवारीला येते. तिळगूळ देताना आपण उत्तरायणाचे स्वागत करतो खरे, पण ते येऊन तीन आठवडे उलटलेले असतात. लोकमान्य टिळकांनी वेदांचा काळ ठरवण्यासाठी हेच संपातचलन वापरले होते, त्यामुळे मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच परकी नसावी. १९५७ मध्ये स्वीकारलेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत मात्र पौषाची १ तारीख २२ डिसेंबरला, म्हणजे खऱ्या उत्तरायणालाच धरून ठेवलेली आहे.

देवच मानायचा नाही, तर सण कशाला?

हा प्रश्न बहुधा थोड्या खवचटपणे विचारला जातो, तरी त्याला सरळ उत्तर आहे. सण म्हणजे पूजा, हे समीकरण अपुरे आहे. एकत्र जेवणे, दिवे लावणे, दूरच्या माणसांनी घरी येणे, मुलांना काहीतरी देणे, या गोष्टी धर्माच्या आश्रयाने वाढल्या असल्या तरी त्यांची गरज धर्माआधीची आहे. आयर्लंडमधील न्यूग्रेंज येथील दगडी समाधी इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० वर्षांची आहे. तिच्या दारावर ठेवलेल्या झरोक्यातून अयनदिनाच्या सुमारास उगवत्या सूर्याचा किरण लांब बोगद्यातून थेट आतल्या दालनापर्यंत पोहोचतो आणि सुमारे १७ मिनिटे तेथे राहतो. ज्यांनी ते बांधले त्यांचे देव कोणते होते ते आज कोणीही सांगू शकत नाही, पण त्यांची सूर्याची गणना अजून चुकलेली नाही.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते अधिक व्यावहारिक आहे. अमेरिकेत डिसेंबरचा महिनाभर दुकाने, शाळा, कार्यालये, रेडिओ सगळे नाताळमय असते. त्यातून अंग काढून घरी एकटे बसणे कोणालाही सुखाचे नसते. स्वतःची एखादी तारीख असली की ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला उत्तर देता येते.

ते त्या दिवशी करतात तरी काय?

ठरलेला विधी नाही. काही जण शेकोटी पेटवतात, काही मेणबत्त्यांच्या उजेडात जेवतात, काही पहाटे उठून सूर्योदय पाहतात. न्यू जर्सीतील मानवतावाद्यांनी २००१ पासून २३ डिसेंबरला ‘ह्यूमनलाइट’ नावाचा सण सुरू केला, त्यात विवेक, करुणा आणि आशा यांच्या नावाने मेणबत्त्या लावण्याची पद्धत आहे. काही विज्ञानप्रेमी २५ डिसेंबरला न्यूटनचा जन्मदिवस साजरा करतात. त्या काळच्या इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे तो १६४२ च्या नाताळच्या दिवशी जन्मला. आजच्या दिनदर्शिकेने ती तारीख ४ जानेवारी १६४३ होते, परंतु विनोदाला एवढी सवलत द्यावी.

आणि बहुसंख्य निरीश्वरवादी यांपैकी काहीच करत नाहीत. ते सरळ नाताळचे झाड आणतात. प्यू या संशोधनसंस्थेच्या २०१३ च्या पाहणीत ख्रिश्चन नसलेल्या अमेरिकनांपैकी ८१ टक्के लोक नाताळ साजरा करतात असे आढळले होते. त्यात आपलेही पुष्कळ लोक आले.

नाताळ हा मुळात अयनदिनाचा सण होता आणि ख्रिश्चनांनी तो चोरला, हे खरे आहे का?

हे विधान निरीश्वरवाद्यांच्या पत्रकांत वारंवार येते, आणि ज्यांनी पुरावा मागण्याची शपथ घेतली आहे त्यांनीच ते इतक्या सहजपणे उच्चारावे हे प्रस्तुत लेखकाला खटकते. खात्रीने सांगता येते ते एवढेच : रोमन दिनदर्शिकेत २५ डिसेंबर हा पारंपरिक अयनदिन मानला जाई. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये ‘अजिंक्य सूर्य’ या देवतेचे मंदिर बांधले. ३५४ सालच्या एका रोमन पंजिकेत २५ डिसेंबरला त्या सूर्याचा जन्मदिवस नोंदलेला आहे आणि त्याच पंजिकेत ख्रिस्तजन्मही त्याच तारखेला दिलेला आहे. यांपैकी कोणी कोणाचा दिवस घेतला यावर अभ्यासकांचे एकमत नाही. २५ मार्चला गर्भधारणा धरून त्यापुढे नऊ महिने मोजून ही तारीख काढली गेली, असाही एक पक्ष आहे. मित्र (मिथ्रास) या रोमनकाळच्या देवतेचा जन्म २५ डिसेंबरचा, हे तर फारच तकलादू विधान आहे.

उलट दिशेची गोष्ट अधिक पक्की आणि अधिक मजेची आहे. नाताळवर अमेरिकेत पहिली बंदी घातली ती निरीश्वरवाद्यांनी नव्हे, कट्टर ख्रिश्चनांनी. मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या प्युरिटन मंडळींना बायबलात नसलेला हा सण मान्य नव्हता. १६५९ मध्ये त्यांनी तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला, आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला.

सरकारी जागेत ख्रिस्तजन्माचा देखावा मांडणे अमेरिकेत कायदेशीर आहे का?

वसई किंवा गोव्याच्या वाचकाला ‘नाताळचा गोठा’ म्हटले की चटकन कळेल : गव्हाणीत बाळ येशू, शेजारी मेरी आणि योसेफ, मेंढपाळ, तीन ज्ञानी पुरुष, गाई-मेंढरे. हा गोठा घरात, चर्चच्या आवारात, दुकानाच्या काचेआड कुठेही मांडायला अमेरिकेत कोणाचीच हरकत नाही, निरीश्वरवाद्यांचीही नाही. वाद आहे तो सरकारी जागेचा आणि सरकारी पैशाचा.

१७९१ मध्ये मंजूर झालेली पहिली घटनादुरुस्ती दोन गोष्टी एका दमात सांगते : सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये, आणि कोणाच्याही धर्मपालनावर किंवा बोलण्यावर बंधन घालू नये. देखाव्यांचा सगळा गुंता या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट शहराचा खटला निकालात काढला. नगरपालिकेच्या मालकीचा गोठा बाजारपेठेजवळच्या बागेत दरवर्षी मांडला जाई. त्याच्याभोवती सांताक्लॉजचे घर, त्याची गाडी ओढणारी रेनडियर हरणे, नाताळचे झाड, शेकडो रंगीत दिवे, आणि पुठ्ठ्यातून कापलेले एक विदूषक, एक हत्ती व एक टेडी अस्वलही होते. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने तो चालवून घेतला, कारण एकूण देखावा सणासुदीचा होता, निव्वळ धार्मिक नव्हता. पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, पिट्सबर्गच्या खटल्यात उलटे झाले. तेथे जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतल्या मुख्य जिन्यावर एकटाच गोठा होता आणि वर देवदूताच्या हाती ईश्वराचा जयजयकार करणारा लॅटिन फलक होता. तो घटनाबाह्य ठरला. मात्र त्याच निकालाने, जवळच्या दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी नाताळच्या झाडाशेजारी उभा असलेला १८ फुटी मेनोरा, म्हणजे ज्यूंच्या हनुक्का सणाची दीपमाळ, चालेल असे ठरवले. तो मेनोरा खबाद या ज्यू संस्थेच्या मालकीचा होता, जिचे नाव मुंबईकरांना दुर्दैवाने २६ नोव्हेंबर २००८ मुळे ठाऊक आहे.

या दोन निकालांतून वकिलांमध्ये एक थट्टेचा नियम रूढ झाला : येशूभोवती पुरेशी प्लॅस्टिकची हरणे उभी केली की राज्यघटना शांत होते. या निकालांवर भाविकांनीही नाराज व्हायला हवे होते असे राहून राहून वाटते. आपल्या देवाला टेडी अस्वलाच्या रांगेत बसवून मिळवलेली परवानगी हा त्याचा सन्मान कसा?

मग निरीश्वरवाद्यांची पाटी मध्येच कुठून आली?

वरचे खटले सरकारने स्वतः मांडलेल्या किंवा विशेष आश्रय दिलेल्या देखाव्यांचे होते. पाटीचा उगम दुसऱ्या प्रकारात आहे. एखादे सरकार म्हणते की आम्ही काहीच मांडत नाही, पण नागरिकांना या दालनात किंवा या चौकात आपापले देखावे मांडू देतो. त्या क्षणी ती जागा सार्वजनिक व्यासपीठ बनते, आणि व्यासपीठावर कोणाचे मत पसंत आहे हे पाहून सरकारला निवड करता येत नाही. ओहायो राज्याच्या कोलंबस शहरात, विधानभवनासमोरच्या चौकात, १९९३ च्या डिसेंबरात झाड आणि मेनोरा होता. तेव्हा कू क्लक्स क्लॅन या कुप्रसिद्ध वंशद्वेष्ट्या संघटनेने तेथे क्रूस उभारण्याची परवानगी मागितली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तिच्या बाजूने कौल दिला. क्लॅनला जागा नाकारता येत नसेल तर नास्तिकांना कशी नाकारणार?

मॅडिसन येथेच मुख्यालय असलेल्या ‘फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन’ या संस्थेने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून विस्कॉन्सिनच्या विधानभवनात अयनदिनाची पाटी लावायला सुरुवात केली. संस्थापिका ॲन निकोल गेलर यांनी तिचा मजकूर लिहिला. त्याचा आशय असा : अयनदिनाच्या या काळात विवेकाचा विजय होवो, देव नाहीत, सैतान नाहीत, देवदूत नाहीत, स्वर्ग नाही की नरक नाही, आहे ते केवळ हे निसर्गाचे जग, धर्म ही मिथके आणि अंधश्रद्धा असून तो हृदये कठोर करतो व मने गुलाम करतो.

संस्थेची भूमिका अशी की सरकारी इमारतीत कोणाचेच देखावे नसावेत हे उत्तम, पण एकाला जागा मिळणार असेल तर आम्हालाही हवी.

ही पाटी म्हणजे उगाच कुरापत नाही का?

कायद्याने ती इतर देखाव्यांइतकीच योग्य आहे. शिष्टाचाराचा प्रश्न वेगळा आहे, आणि तेथे प्रस्तुत लेखकाचे मत संस्थेशी जुळत नाही. पाटीचे पहिले वाक्य सणाचे आहे. शेवटचे वाक्य शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन केलेले भाषण आहे. गोठा मांडणारा माणूस ‘न मानणारे नरकात जातील’ असे फलकावर लिहीत नाही, जरी त्यातल्या काहींचा विश्वास तसा असला तरी. बहुतेक देखावे स्वतःविषयी बोलतात, ही पाटी दुसऱ्याविषयी बोलते, आणि लोकांना खुपते ते हेच.

संस्थेची बाजूही सांगितली पाहिजे. तिच्या मते गोठा हा निरुपद्रवी नाही. माणूस जन्मतः पापी असून त्याला तारणहार हवा, ही शिकवण त्यामागे उभी आहे, आणि न मानणाऱ्याला ती दरवर्षी ऐकवली जाते. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. २०११ पासून संस्थेने पाटीच्या जोडीला विनोदाचाही आधार घेतला : मॅडिसनच्या विधानभवनात स्वतःचा ‘नैसर्गिक गोठा’ मांडला, ज्यात ज्ञानी पुरुषांच्या जागी डार्विन, आइन्स्टाइन आणि मार्क ट्वेन यांना उभे केले. तो पाटीपेक्षा नक्कीच बरा जमला आहे.

याच इमारतीतल्या झाडाचे नावही वादातून सुटलेले नाही. अनेक वर्षे त्याला ‘सणाचे झाड’ म्हणत. २०११ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी त्याला ‘नाताळचे झाड’ केले. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी पुन्हा ‘सणाचे झाड’ केले आणि शाळकरी मुलांकडून विज्ञानविषयक शोभेच्या वस्तू मागवल्या. झाड मात्र दरवर्षी तसेच असते.

२००८ मध्ये ऑलिम्पियात काय झाले?

एक दार उघडले की किती माणसे आत येतात याचा हा नमुना आहे. ऑलिम्पिया ही वॉशिंग्टन राज्याची राजधानी. तेथील विधानभवनात २००६ मध्ये झाडाबरोबर मेनोरा लागला. एका नागरिकाने गोठा मांडू द्या म्हणून अर्ज केला. नकार मिळाल्यावर तो न्यायालयात गेला आणि तडजोडीत त्याला परवानगी मिळाली. मग २००८ मध्ये निरीश्वरवाद्यांनी अर्ज केला, आणि गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगॉअर यांच्या प्रशासनाने तोही मंजूर केला, कारण नाकारायला आधारच उरला नव्हता. गोठ्यापासून थोड्या अंतरावर मॅडिसनचीच पाटी लागली.

एका दूरचित्रवाणी वाहिनीवरच्या लोकप्रिय निवेदकाने हा विषय उचलून धरला आणि गव्हर्नरांच्या कार्यालयातले फोन दिवसभर खणखणू लागले. ५ डिसेंबरच्या सकाळी पाटी नाहीशी झाली. ती कोणाला तरी रस्त्याकडेच्या चरात सापडली, आणि त्याने ती पोलिसांकडे न नेता सिएटलच्या एका रेडिओ केंद्रात नेऊन दिली. दरम्यान अर्जांची रांग लागली : एका विनोदी मालिकेतून निघालेल्या ‘फेस्टिव्हस’ या थट्टेच्या सणाचा ॲल्युमिनियमचा खांब, ‘उडता स्पॅगेटी राक्षस’ या थट्टेच्या दैवताचे उपासक, आणि सांताक्लॉज तुम्हाला नरकात नेईल असे सांगू इच्छिणारे एक कडवे चर्च. प्रशासनाने नवे अर्ज घेणे थांबवले आणि पुढच्या वर्षी इमारतीच्या आतले खासगी देखावे बंद केले.

सांता मोनिकाचा वाद वेगळा होता का?

शेवट तोच, वाट निराळी. कॅलिफोर्नियातील या शहराच्या समुद्राकाठच्या पॅलिसेड्स पार्कमध्ये १९५३ पासून चर्चेसची एक समिती येशूचे चरित्र सांगणारे चौदा देखावे मांडत असे. जवळजवळ माणसाएवढ्या मूर्ती, प्रत्येकासाठी लाकडी खोपटे. २०११ मध्ये जागेची मागणी वाढली म्हणून शहराने चिठ्ठ्या टाकल्या. एकवीसपैकी अठरा जागा निरीश्वरवाद्यांना गेल्या, ख्रिश्चनांना दोन आणि हनुक्कासाठी एक. जिंकलेल्या अठरांपैकी बऱ्याच जागा त्यांनी रिकाम्याच ठेवल्या. नियमात ते बसत होते, पण साठ वर्षांच्या सवयीने तेथे मुलांना घेऊन येणाऱ्या माणसाला मोकळी खोपटी पाहून काय वाटले असेल, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

जून २०१२ मध्ये नगर परिषदेने बागेत कोणाचेही विनापहारा देखावे नकोत असा ठराव केला. चर्चेसच्या समितीने दावा लावला. जिल्हा न्यायालयात आणि २०१५ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयात ती हरली. सगळ्यांना सारखीच बंदी असेल तर ती कोणाच्या मताविरुद्ध नाही, असे न्यायालयांनी म्हटले. देखावे पुढे खासगी जागेत गेले.

सैतानाचे पुतळे मांडणारे लोक निरीश्वरवादीच असतात का?

‘सॅटॅनिक टेंपल’ ही मॅसॅच्युसेट्सच्या सेलम शहरातली संस्था सैतान खरोखर आहे असे मानत नाही. तिच्या लेखी तो बंडखोरीचे प्रतीक आहे. अमेरिकन करखात्याने २०१९ मध्ये तिला चर्च म्हणून मान्यता दिली. इलिनॉय विधानभवनात २०१८ मध्ये तिने झाडाशेजारी हातात सफरचंद आणि मनगटाला साप गुंडाळलेला एक हात मांडला. आयोवाच्या विधानभवनात २०२३ मध्ये तिने मेंढ्याच्या डोक्याची आकृती ठेवली, आणि दुसऱ्या राज्यातून आलेल्या एका माणसाने तिचा शिरच्छेद केला. त्याच्यावर खटला भरला गेला. फ्लोरिडात २०१३ मध्ये बीअरच्या रिकाम्या डब्यांचा फेस्टिव्हस खांब विधानभवनात उभा राहिला. हे सगळे निरीश्वरवादी वर्तुळाच्या जवळचे असले तरी अनेक निरीश्वरवाद्यांना हा पोरखेळ वाटतो.

पाटी चोरणाऱ्याला काय शिक्षा होते?

चोरी ती चोरीच. पाटीवरचा मजकूर आवडला नाही हा बचाव चालत नाही. मॅडिसनच्या पाटीला इतक्या वेळा उपद्रव झाला की संस्थेने तिच्या पाठीमागे ‘चोरी करू नकोस’ ही बायबलमधली आज्ञा लिहून ठेवली.

अलीकडे कायदा बदलला आहे का?

बराच. २०१९ मध्ये मेरीलँडमधील ब्लेडेन्सबर्ग येथील सरकारी जागेवरचा ४० फुटी स्मारक-क्रूस सर्वोच्च न्यायालयाने राहू दिला, आणि २०२२ मध्ये फुटबॉल सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या शाळेच्या प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल देताना जुन्या कसोट्या सोडून ‘इतिहास आणि परंपरा’ पाहावी असे सांगितले. त्यामुळे सरकारने स्वतः मांडलेल्या गोठ्याला न्यायालयात आव्हान देणे आता पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. व्यासपीठाचा नियम मात्र उभा आहे. २०२२ मध्येच बॉस्टनच्या ध्वजस्तंभाच्या खटल्यात न्यायालयाने एकमताने सांगितले की नागरिकांसाठी खुला ठेवलेला स्तंभ एका ख्रिश्चन गटालाच नाकारता येणार नाही. ज्या तत्त्वावर नास्तिकांची पाटी टिकते त्याच तत्त्वावर येथे क्रूसाचा ध्वज टिकला, ही गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक सोयीस्करपणे विसरतात.

टेक्ससमध्ये तिसरा मार्ग निघाला. २०१५ मध्ये तेथील विधानभवनात गव्हाणीत बाळाऐवजी नागरिकांच्या हक्कांची सनद ठेवलेला देखावा परवानगीने मांडला गेला, आणि गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी तो काढायला लावला. २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे उल्लंघन ठरवले. प्रकरण अपिलात चालू असताना राज्याने खासगी देखाव्यांची योजनाच गुंडाळली.

नाताळची सरकारी सुट्टी तरी कशी चालते?

अमेरिकन काँग्रेसने १८७० मध्ये ती दिली. ओहायोतील एका वकिलाने तिला आव्हान दिले आणि १९९९ मध्ये तो हरला. सुट्टीला धर्मनिरपेक्ष प्रयोजन आहे असे न्यायालयाने म्हटले. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवात चक्क यमक जुळवलेल्या कवितेने केली होती.

आमच्या मुलीला सरकारी शाळेत येशूची गाणी म्हणायला लावतात. तक्रार करावी का?

आधी शिक्षिकेशी बोलावे. १९८० मध्ये साउथ डकोटातील सू फॉल्स शहराच्या खटल्यात अपील न्यायालयाने ठरवले की संगीत किंवा संस्कृतीचे शिक्षण म्हणून नाताळची धार्मिक गीते कार्यक्रमात असू शकतात. तो नियम आजही मार्गदर्शक मानला जातो. मुलाला भाग घ्यायचा नसेल तर सूट मागता येते, आणि शाळा ती बहुधा देतात. मूल आठ वर्षांचे असेल आणि त्याला चांदणीचा पोशाख घालून मंचावर उभे राहायचे असेल, तर आई-बापांच्या तत्त्वापेक्षा चांदणीला मान द्यावा हे बरे.

‘मेरी ख्रिसमस’ म्हटले तर निरीश्वरवादी रागावतात का?

नाही. ‘तुम्हालाही’ म्हणतात.

महाराष्ट्रात असे काही होते का?

अयनदिनाची पाटी येथे कोणी लावत नाही, आणि त्याला कारण आहे. आपली राज्यघटना धर्मापासून अंतर राखायला सांगते ते वेगळ्या रीतीने. सरकारी कार्यालयातली सत्यनारायणाची पूजा हा वाद आपल्याकडे आहेच, परंतु तो ‘आम्हालाही शेजारी जागा द्या’ अशा वळणाने कधी गेला नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने, जिची स्थापना १९८९ मध्ये झाली आणि जिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, सणांना दुसऱ्या बाजूने हात घातला. होळी लहान करून पोळी दान करा, मूर्ती नदीत न सोडता दान करा, ३१ डिसेंबरला दारूऐवजी दूध प्या, असे तिचे उपक्रम सणाच्या आत शिरून त्याला वळण देणारे आहेत. समिती देवाविषयी तटस्थ आहे असे दाभोलकर आवर्जून सांगत. मॅडिसनच्या पाटीवरचे शेवटचे वाक्य त्यांनी चौकात लावले असते असे वाटत नाही.

आमच्या गावच्या सरकारी इमारतीत आम्हाला आकाशकंदील किंवा अयनदिनाचा फलक लावायचा आहे. काय करावे?

प्रथम तेथे खासगी देखाव्यांना परवानगी आहे का, आणि असल्यास लेखी नियम कोणते, हे कार्यालयाकडून मागून घ्यावे. अर्जाची मुदत पुष्कळदा डिसेंबरच्या बरीच आधी संपते. आकार, विजेची जोडणी, नुकसान झाल्यास जबाबदारी आणि ‘हा देखावा खासगी आहे’ अशी सूचना यांबद्दल अटी असतात. त्या सर्वांना सारख्याच लावल्या जात आहेत ना, एवढे पाहावे. आकाशकंदिलाला हाच नियम लागू होतो. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते म्हणून योजनाच लागू नाही असे उत्तर मिळू शकते. ते नियमात लिहिले आहे का, हे नम्रपणे विचारावे.

घरच्या घरी मुलांबरोबर अयनदिन साजरा करायचा असेल तर?

एक मीटरची सरळ काठी, दोरी आणि मोकळी जागा पुरते. काठी ओळंब्याने उभी रोवावी आणि स्थानिक माध्यान्हाला तिची सावली मोजावी. मॅडिसनमध्ये त्या दिवशी हे माध्यान्ह घड्याळात बारा वाजायला चारेक मिनिटे असताना येते, पुण्यात साडेबाराच्या सुमारास. मॅडिसनची सावली २ मीटर ३० सेंटिमीटर भरते. पुण्याची ९० सेंटिमीटर, म्हणजे काठीहूनही आखूड. एका बाजूला आजी-आजोबांनी गच्चीवर आणि दुसऱ्या बाजूला नातवंडांनी बर्फात हा प्रयोग केला, तर रात्री फोनवर दोन आकडे शेजारी ठेवून पृथ्वी गोल असल्याची चर्चा रंगते. एकच अडचण अशी की पुण्यात माध्यान्ह होते तेव्हा अमेरिकेत मध्यरात्र उलटलेली असते.

बर्फावर सावलीचे टोक निळसर आणि थोडे धूसर दिसते, म्हणून तेथे वाळकी काडी खोचून ठेवावी. दुसऱ्या दिवशी मोजले तर काहीच फरक दिसत नाही आणि मुले हिरमुसतात. काडी काढू नये. १ जानेवारीला पुन्हा त्याच वेळी पाहावे, सावलीचे टोक काडीच्या दोन बोटे अलीकडे आलेले असते.